कुत्र्यांची साखर

हसायचं नाही, आधीच बजावतो! ही गोष्ट आठवली की अजून माझं माथं भडकतं. कुणावर भडकतं, ते कळेलच. चहा घ्या तोवर.

तीस-बत्तीस सालची गोष्ट. मी रत्नागिरीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टर मुंबईहून शिकून आलेले. डोक्यात एकच वेड, कारल्याच्या अर्कानं मधुमेह हटतो का! त्यासाठी चार कुत्रे पाळलेले. ऑपरेशन करून त्यांना मधुमेह डॉक्टरांनीच लावलेला. दोघांना रोज अर्क पाजायचा, दोघांना नुसतं पाणी. मग चौघांची लघवी निळ्या द्रावणात उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवट झालं तर थोडी, विटकरी झालं तर साखर उदंड.

पाजायचं काम माझं. नोकरी म्हणून नव्हे हो, जिवाच्या आकांतानं करायचो. केळशीला आमचे अण्णा, माझे वडील, ह्याच रोगानं झिजत होते. पायाची जखम भरत नव्हती. मुंबईहून इन्सुलिन मागवायची आमची ऐपत कुठली? डॉक्टर म्हणाले होते, "कुत्र्यांना गुण आला, की पहिली बाटली अण्णांना."

मी तर अण्णांना चार वर्षं गोडाच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नव्हतं. गणपतीत त्यांच्या पानातला मोदक मी स्वतः उचलला होता!

आणि निकाल काय? पाणी पिणाऱ्या कुत्र्यांचं द्रावण हिरवट, अर्क पिणाऱ्यांचं विटकरी! म्हणजे औषधानं रोग वाढतो?

"कुणी गोडधोड घालतंय का रे ह्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणाची छाती आहे? मी असताना?"

पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या काशीकाकू फणस फोडत बसलेल्या दिसल्या. मी गडग्यावर चढून ओरडलो, "काकू, माझ्या कुत्र्यांना गरे घालता?"

"मेल्या, माझ्या पोरांस पुरत नाहीत, ते तुझ्या श्वानांस घालू? जीभ झडेल हो तुझी!"

त्या अर्कवाल्या दोघांनाच निवडून गरे कशा घालतील, असं तुम्ही विचाराल. रागाला एवढी अक्कल असते होय?

मग कुत्र्यांचा भात शिजवणाऱ्या स्वैपाक्याला धरलं. "भातात काकवी ओततोस!" म्हणून त्याला असा झापला की तो पळी टाकून घरी गेला. शेवटी मी कुत्र्यांच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. भातही मीच शिजवला. आता आत जाणारा मी एकटा!

दुसऱ्या दिवशी द्रावण आणखी विटकरी.

आता संशय घ्यायला उरलं कोण? मी डॉक्टरांचा घेतला!

"तुम्हीच बाटल्यांची अदलाबदल करता!" मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो.

डॉक्टर लालबुंद झाले. "शनिवारच्या बोटीनं मुंबईला कळवतो, कारलं निरुपयोगी. आणि तूही दुसरी नोकरी बघ!"

संपलं. अण्णांची बाटली गेली. बरं, अण्णांना हे कुठं ठाऊक? शुक्रवारी केळशीहून बोटीनं येऊन, काठी टेकत ते दवाखान्यात हजर. त्यांना आपलं औषध बघायचं होतं. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि रडकुंडीला येऊन अर्कवाल्या दोघांतल्या वाघ्याचा जबडा उघडला. डॉक्टर दारात हाताची घडी घालून उभे. वाघ्यानं अर्क गिळला, शेपूट हलवली आणि माझ्या कोटाच्या खिशात नाक खुपसलं.

अण्णा ताडकन उठले. दुखरा पाय विसरून!

"काय रे घातलंस त्याच्या तोंडात?"

"अर्क."

"त्याच्यानंतर!"

"गूळ," मी म्हणालो. "कडू औषधावर गुळाचा खडा नको द्यायला? आईनं कधी काढा दिला होता का गुळाशिवाय?"

"किती दिवस देतोस?" डॉक्टरांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"पहिल्या दिवसापासून. पाणी पिणाऱ्यांना कशाला देऊ? पाणी काय कडू असतं? आणि गूळ म्हणजे खाणं थोडंच, ती तर औषधाची रीत..."

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

"चांडाळा!" अण्णा कडाडले. "चार वर्षं मला गुळाचा वास दिला नाहीस, नि कुत्र्यांस रोज भरवतोस?"

असा संताप आला म्हणून सांगू! आणि ह्या खेपेला चुकीच्या माणसावर नाही.

काशीकाकूंच्या पाया पडलो, स्वैपाक्याला हातापाया पडून आणला. डॉक्टरांनी शिंप्याला बोलावून माझ्या कोटाचे खिसे शिवून टाकले आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. महिन्याभरात अर्कवाल्यांचं द्रावण निळ्याकडे झुकलं. पुरतं नाही, पण झुकलं. डॉक्टरांनी शब्द पाळला. अण्णांना पहिली मात्रा मीच दिली.

अण्णांनी डोळे मिटून ती घशाखाली ढकलली, तोंड वेडंवाकडं केलं आणि लहानपणच्या सवयीनं माझ्यापुढे हात पसरला.

आणि मी, एवढं रामायण झाल्यावरसुद्धा, शिवलेला खिसा चाचपत होतो!