हाताने दिलेला श्वास

नागसेन तेव्हा बारा वर्षांचा होता. पायांपासून सुरू झालेला लुळेपणा पाच दिवसांत छातीपर्यंत चढला. सरकारी रुग्णालयात एकही व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या घशात नळी घातली, तिला रबरी फुगा जोडला आणि तो वडिलांच्या हातात दिला. तीन सेकंदांनी एकदा दाबायचा. थांबायचं नाही.

नागसेनचे आईवडील, सुलतानपूरचे शंकरराव आणि जनकाबाई, आळीपाळीने फुगा दाबत राहिले. नागसेनला पापणीही हलवता येत नव्हती. ऐकू मात्र सगळं येत होतं. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी जनकाबाई औषधं आणायला खाली गेल्या. थोड्या वेळाने फुग्याचा आवाज थांबला आणि वडिलांचं घोरणं ऐकू आलं. नागसेन आकडे मोजू लागला. एक्केचाळीसला कोणीतरी धावत आलं.

"सरका दादा, मी दाबते."

त्या होत्या शेजारच्या खाटेजवळच्या मंजुळाबाई, जळगाव जामोदच्या. त्यांचा नवराही अशाच फुग्यावर होता. तासाभरापूर्वी तो वारला होता आणि कागद व्हायचे होते म्हणून मृतदेह अजून खाटेवरच होता. फुगा दाबताना त्या पुटपुटत होत्या, "प्रभू येशू, या लेकराले श्वास दे."

"तुमच्या माणसाले तं नाही देला त्यानं," वॉर्डातलं कोणीतरी म्हणालं.

"हाव, नाही देला. मंग याच्यासाठी कोणाले मागू?"

मंजुळाबाईंनी तीन तास फुगा दाबला.

आपण औषधांनी बरे झालो, असं नागसेन स्वतःच सांगतो. पण मंजुळाबाईंचा तो प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. सत्ताविसाव्या वर्षी त्याने मंजुळाबाईंना शोधून काढलं. लोणारमधलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान रविवारी बंद ठेवून तो एसट्या बदलत जळगाव जामोदला प्रार्थनेला जाऊ लागला. चार वर्षांनी, यंदा, त्याने घरी सांगितलं, "येत्या रविवारी बाप्तिस्मा घेऊन राह्यलो."

जनकाबाईंचा भाकरीवरचा हात थांबला.

"बौद्ध झालो तवा आपण देव सोडले ते कायले?" शंकरराव म्हणाले. "दुसरा आणाले? चार दिवस कोणाचे हात होते बे तुह्या फुग्यावर? माहे. देवाचे नाही."

याचं उत्तर नागसेनकडे एकोणीस वर्षं होतं. ते दिलं असतं तर वाद संपला असता, आणि बापही.

"मंजुळाबाईचेही होते," तो एवढंच म्हणाला.

"मी थकलो म्हणून देला तिले."

नागसेनने बापाच्या हातांकडे पाहिलं. शंकररावही स्वतःच्या हातांकडे पाहू लागले.

"तू जागा होता?"

"हाव."

"किती येळ बंद होता?"

"थोडासाक, बाबा."

 रविवारी शंकरराव बाप्तिस्म्याला गेले नाहीत. जनकाबाई गेल्या. त्यांच्या हाती शंकररावांनी मंजुळाबाईंसाठी साडीचोळी पाठवली, बहिणीला देतात तशी.