इतिहासवाल्याची सही

"इतिहास घेऊन काय भेटते गा? सरसारखी तासाची नोकरी?"

प्रवेशाच्या टेबलाजवळ एक पोरगा मित्राला हळूच म्हणाला. सर समोरच बसले होते. त्यांनी हात वर केला आणि करंगळीपासून एकेक बोट मिटत मोजायला लागले. "पोलीस. वनरक्षक. तलाठी. मास्तर." अंगठा तेवढा उरला. तो छातीला टेकवून म्हणाले, "आन् हा मी. हा नोको होऊ."

पोरं हसली. तुम्ही आमच्यासारख्या कॉलेजात काम केलं असेल, तर असा अंगठा तुम्हीही पाहिला असेल.

आमचं कॉलेज एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या रस्त्यालगत. सर इतिहास शिकवत, मी इंग्रजी. दोघंही तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही. मी चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इथली बोली जिभेवर न बसलेली. स्टाफरूममध्ये बोलायची वेळ आली की मी जेवणाचा डबा उघडायचे. बाकीचे चिडवत. सर म्हणत, "राहू द्या. म्याडम ऐकून राह्यल्या. कोनीतरी ऐकनारं पायजे ना."

वर्षाचा पहिला तास ते वर्गात घेत नसत. गावाबाहेर माडिया लोकांचे उभे दगड आहेत. माणूस गेला की त्याच्या नावाने एक दगड रोवतात. सर पोरांना तिथे नेत आणि एखाद्या दगडापाशी थांबत. "हा कोनाचा?" पोरं सरांकडे पाहत. "माह्याकडे काऊन पाहता? गावात जाऊन इचारा."

एकदा एक मुलगी धावतच परत आली. "सर, हा माह्या आजोबाच्या बहिणीचा! तिले वाघानं नेलं होतं!" सरांचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता. जणू तिला नोकरी लागली होती.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. दगड आड येत होते आणि गाव ते हलवू देत नव्हतं. ठेका होता संस्थाचालकांच्या भाच्याकडे. संस्थाचालक स्टाफरूममध्ये आले तेव्हा मी कोपऱ्यात पेपर तपासत होते.

"दगडांना ऐतिहासिक महत्त्व नाही, एवढं लिहून द्या," ते सरांना म्हणाले. "इतिहासवाल्याची सही लागते. तुमच्या कायम जागेचं मी बघतो."

सरांचं लग्न त्या कायम जागेसाठीच अडलं होतं. मुलीकडचे आता थांबायला तयार नव्हते.

"साहेब, पयल्यांदाच कोनाले इतिहासवाला लागला," सर हसून म्हणाले, "आन् तोही याच्यासाठी."

त्यांनी सही केली नाही. त्यांचे तास गेले. त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं.

पुढे एकदा मी बसमध्ये होते. खाणीच्या ट्रकांच्या एका गेटवर ते काठी घेऊन उभे दिसले. भुवयांवर लाल धूळ. मला पाहून त्यांनी चार बोटं मिटली आणि अंगठा उंचावला. "म्याडम, एक नोकरी वाढली! पोट्ट्यायले सांगा!" मी हात हलवला. बस सुटली.

पावसाळ्यात त्यांना ताप आला. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून अंगावर काढला. दवाखान्यात नेलं तेव्हा ते कोणालाच ओळखत नव्हते.

ते गेल्यावर गावात बैठक बसली. सर माडिया नव्हते. सिंदेवाहीकडच्या बौद्ध घरातले. त्यांच्या नावाने दगड रोवायचा का? म्हातारी माणसं बोलत राहिली, पोरं हट्टाला पेटली. शेवटी ओळीच्या टोकाला, जरा अंतर सोडून, एक लहानसा दगड उभा राहिला.

रस्ता अजून दगडांपाशीच अडलेला होता. परवा संस्थाचालकांनी मला बोलावलं. माझाही कायम जागेसाठीचा अर्ज त्यांच्यासमोरच पडला होता.

"आता इतिहासवाला नाही, तर तुम्ही लिहा. इंग्रजीत वजन पडतं. रस्त्यालगतचे दगड बेवारस आहेत, बस. तुम्ही काही वाद घालणाऱ्यातल्या नाही."

उघडायला डबा नव्हता.

"टोकाचा सरांचा आहे," मी म्हणाले. "बाकीचे कोणाचे, ते गावात जाऊन विचारा."