बाबांच्या वाटणीचे दोन पेले

माणूस कामाला वाघ. अडलेल्या लिफ्टला नुसता कान लावून सांगायचा, ब्रेक झिजलाय की दोर सैल पडलाय. वीस वर्षं या मेकॅनिकने लोकांना वर चढवलं आणि स्वतः मात्र रोज संध्याकाळी चार पेले खाली उतरवले. शेवटी बायकोने एक दिवस बॅग भरून दाराबाहेर ठेवली. मोठ्या बहिणीने ती उचलून आपल्या मागच्या खोलीत नेली. बॅगेमागून हाही आला.

गेल्या वर्षी कामावर निघताना कंपनीने दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारायला लावली, तेव्हा सापडला. कंपनीचा नियम सरळ होता. पुन्हा सापडलात तर घरी बसा. स्वतःहून सांगितलंत तर तीन महिने गोदामात, नोकरी शाबूत. शिवाय व्यसनाच्या डॉक्टरांकडे जाणं सक्तीचं.

डॉक्टरीणबाईंनी घराण्याची चौकशी केली. वडील? प्यायचे. आजोबा? तेही. काका? काकांचं न विचारलेलं बरं.

"व्यसन लागण्याच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा असतो," बाई म्हणाल्या.

एवढं ऐकून या शहाण्याचे कान मिटले. बाई पुढे बरंच सांगत होत्या: हे निम्मं माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल आहे, एकाच्या पेल्यांची ती वाटणी नव्हे; दारूचं म्हणून एकच जनुक नसतं, बारीकसारीक पुष्कळ असतात; तुमचा धोका जास्त, म्हणून तुम्ही जपायचंही जास्त. पण तोवर यानं वाटप उरकलं होतं. पेले चार, त्यातले दोन बाबांचे. उरले दोन. दोन पेले घेणाऱ्याला कुणी दारुडा म्हणतं का? विज्ञानाने इतका मनमिळाऊ शोध लावल्याचं यापूर्वी त्याच्या ऐकिवात नव्हतं.

तेव्हापासून पहिले दोन पेले तो बाबांच्या खात्यावर घ्यायचा, तेही असा गंभीर चेहरा करून की बघणाऱ्याला पितृसेवा वाटावी.

ताईला हे गणित कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

"बाबा माझेही होते ना रे?"

"होते की."

"मग माझ्या वाटणीचे दोन कोण पितंय? तेही तूच ढोसतोस का?"

"तुला आवडतच नाही, ताई. तुझ्या रक्तात ते उतरलंच नाही."

"कोण म्हणतं? कॉलेजात असताना मैत्रिणीकडे एकदा घेतली होती. आवडली. इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडल्या उघडल्या तीच आठवली. बाबांचा चेहरा आठवला तो नंतर." तिने देठ मोडला. "घाबरले. पुन्हा हात लावला नाही. तू घाबरायचं सोडून वाटण्या करत बसलास."

तो हसला. बायकांना आकडेवारी कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

पुढच्या रविवारी एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ झाला. तिथे आठ झाले. म्हणजे याच्या हिशोबी चारच. सोमवारी सकाळी डोकं जड आणि बोटं बधिर, तसाच कामावर पोचला. तिथे नशीब आडवं आलं, किंवा उभं. फुंकर मारायचं यंत्र बंद पडलं होतं. "जा रे, आज सगळेच साधुसंत," मुकादम म्हणाला.

जोडीदाराने हत्यारांची पेटी उचलली. "मी खाली खड्ड्यात उतरतो. तू लिफ्टच्या टपावर राहा. मी हाक दिल्याशिवाय हलवू नकोस, म्हणजे झालं."

म्हणजे झालं! जोडीदाराच्या डोक्यावर लिफ्ट आणि टपावरच्या बटणावर हा. त्याने आपली बोटं मिटून पाहिली. एक बोट उशिरा मिटलं. टपावर बाबा उभे राहणार नव्हते, निम्मेसुद्धा.

"थांब," तो जोडीदाराला म्हणाला आणि मुकादमाकडे वळला. "मला वर पाठवू नका. काल प्यालोय. अजून उतरली नाही."

मुकादमाने कागद पुढे ओढला. "यंत्र बंद आहे, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"किती?"

तोंडात "चार" आलंच होतं.

"आठ."

जोडीदाराने पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, "गोदामात पंखा नाही. टॉवेल घेऊन जा."

दुपारी घरी आल्यावर त्याने ताईला सगळं सांगितलं. तिने शाबासकी दिली नाही. तीन महिने हा गडी टिकेल, याची खात्री तिला नव्हती आणि त्यालाही नव्हती.

"संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे जातो म्हणतोय," तो म्हणाला.

"मी येते."

"मी काय लहान आहे?"

"लहान नाहीस. पण तू निम्मं ऐकून उठतोस." आणि ती चपला शोधायला लागली.