हौदाच्या काठावरचा हात

चूक माझीच होती. काल बुडणारं उंदराचं पिल्लू प्रयोगशाळेतल्या हौदातून काढलं म्हणून मी पिंजरे साफ करणाऱ्या इंदूताईंवर ओरडलो, "प्रयोग बिघडवलात!"

त्या पिल्लाच्या आईला गाभण असताना पाण्यातून लँथेनम हा धातू मीच पाजला होता, पिल्लांच्या स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो ते बघायला. साध्या पाण्यावरच्या माद्यांची पिल्लं हौदातल्या दुधाळ पाण्याखाली लपवलेला, उभं राहायचा पाट कुठे आहे ते लक्षात ठेवत. हे पिल्लू मात्र रोज नव्याने हरवायचं.

आज पुन्हा हौदात सोडलं, तर ते काल इंदूताईंचा हात आला होता त्याच काठाशी जाऊन पाय मारत राहिलं. एवढ्याशा मेंदूत मी काय पुसलं होतं, आणि काय तरीही उरलं होतं!

मी त्याला उचललं. "इंदूताई, माफ करा."

"मला कशाला, सर? त्याला म्हणा."

ओल्या पिल्लाला टॉवेलात धरून मी त्यालाही म्हणालो.