नळीतलं पाणी

तलावावरची पोरं तिला शिट्टीबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, केस टोपीत कोंबलेले, अशा थाटात तिने सव्वीस वर्षं नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवलं. उथळ बाजूच्या तीन फूट पाण्यात उभं राहून राहून तिच्या पायांची बोटं कायमची पांढरीफटक पडली होती.

तिची शिकवायची पद्धत मात्र जगावेगळी. इतर मास्तर पोराच्या पोटाखाली हात धरून "धरलंय रे, धरलंय" म्हणत आणि हळूच हात काढून घेत. पोरगं तरंगलं तर टाळ्या, गटांगळी खाल्ली तर हशा. शिट्टीबाईला हा प्रकार मुळीच खपत नसे. ती आधी सांगायची, "तीन म्हटलं की हात काढणार," आणि तीन म्हटल्यावरच काढायची. त्यामुळे तिची पोरं चार दिवस उशिरा शिकत, आणि त्यांच्या आया कुरकुर करत. "होऊ दे की उशीर," ती म्हणायची. "पाण्यात एकदा फसवलं की पोरगं जन्मभर काठावर बसतं, बाई." आणि पाण्यात कोणी थुंकलं, तर शिट्टी अशी वाजायची की बाहेरच्या रस्त्यावरचा सायकलवालाही ब्रेक दाबायचा.

लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे विचारणारे एव्हाना थकून गप्प बसले होते. घरात ती आणि आई. गेल्या उन्हाळ्यात आई गेली आणि मग ती एकटीच. एक धाकटा भाऊ होता, दुसऱ्या शहरात, पाणी थंड करायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत. घरात त्याला राजा म्हणत. तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याचं नाक पुसण्यापासून कॉलेजच्या फीच्या रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं हिने केलेलं. त्याची दोन मुलं, अकरा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा टिल्लू. आई गेल्यावर आपलं म्हणावं अशी ही दोन पोरंच काय ती उरली होती.

तर यंदा राजाचा फोन आला. "ताई, सुट्टीत समुद्रावर चाललोय, तू पण चल. मुलांना स्नॉर्कलिंग करायचंय. पहिल्यांदाच करणार. तुझ्याशिवाय कोणाच्या हातात देऊ त्यांना?"

झालं! शिट्टीबाईला आभाळ ठेंगणं झालं. आता खरं सांगायचं तर तिने स्वतः आयुष्यात कधी स्नॉर्कलिंग केलं नव्हतं. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, आणि पालथं तरंगत समुद्राचा तळ बघायचा, एवढं ऐकून माहीत. पण शिकवायचं म्हणजे आधी आपल्याला यायला हवं. तिने दोन नळ्या विकत आणल्या आणि तीन महिने, तलाव बंद झाल्यावर, एकटी पालथी तरंगत राहिली. खाली बघायला होतं काय? फरशा, आणि एकदा कोणाचा तरी केसांचा चाप. पहारेकरी काठावरून म्हणायचा, "बाई, काही हरवलंय का?"

मग सहलीच्या आधी रजा काढून ती आठ दिवस राजाकडे जाऊन राहिली, सोबत प्लॅस्टिकचा भलामोठा टब घेऊन. न्हाणीघरात टब भरायचा, मुलांनी गुडघ्यांवर वाकून त्यात तोंड बुडवायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा. नळीत पाणी गेलं तर काय? डोकं वर, नळी तोंडातून बाहेर, उलटी करून झटकायची, पुन्हा तोंडात. हे तिने शंभरदा करून घेतलं. पोरं टबात तोंड घालून खिदळायची. टिल्लू तर हसून हसून ठसका लागेपर्यंत. भावजय दारातून डोकावायची आणि काहीतरी काम आठवल्यासारखी निघून जायची. शिट्टीबाईला वाटलं, भीतीचं हसू आहे, नव्या गोष्टीला पोरं असंच हसतात. दुसऱ्यांच्या मुलांची पहिली डुबकी तिने हजारदा पाहिली होती. पाण्याखाली पहिल्यांदा डोळे उघडल्यावर पोराचा चेहरा कसा होतो, ते तिला पाठ होतं. आता तो चेहरा तिला घरच्या पोरांचा बघायचा होता, त्यांचा हात धरून. तिने दुसरं काही मागितलं नव्हतं हो कोणाकडे.

समुद्रावर पोचले, लॉजवर सामान टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलांना घेऊन नावेत बसली. राजाची कंबर ऐनवेळी धरली आणि भावजयीला नावेत मळमळतं, म्हणून ती दोघं किनाऱ्यावरच थांबली. नाववाला बोलघेवडा होता. "पहिल्यांदाच का?" त्याने विचारलं.

"पहिल्यांदाच!" दोघंही एका सुरात ओरडली. पढवलेल्या पोपटासारखी.

खडकाजवळ नाव थांबली. शिट्टीबाई पट्टे आवळत होती, तेवढ्यात टिल्लूने मास्क उलटा धरला, आत पचकन थुंकला, अंगठ्याने काच चोळली आणि मास्क समुद्रात विसळून घेतला. शिट्टीबाईचा हात गळ्याशी गेला. शिट्टी लॉजवर राहिली होती, नाहीतर वाजलीच असती.

"शी! हे कोणी शिकवलं रे तुला?"

टिल्लूने बहिणीकडे बघितलं. "नाववाले काका करत होते," थोरली पटकन म्हणाली. "त्यांचं बघून करतोय. काचेवर वाफ धरत नाही म्हणे."

नाववाल्याजवळ मास्कच नव्हता. तो इंजिनाशी खाटखूट करत बसला होता. पण चांदणं चोराच्या मनात असतं, साध्या माणसाच्या मनात तेही नसतं. तिने विषय सोडून दिला.

पाण्यात उतरल्यावर मात्र तिचीच घाबरगुंडी उडाली. तलावाला तळ असतो, कडा असते. इथे पायाखाली काहीच नाही, आणि पाणी सारखं वर-खाली होतंय. नाववाल्याने पाण्यात सोडलेला लाल तरंगा एका हाताने घट्ट धरून तिने दम खाल्ला. मग "एक, दोन, तीन" म्हणून मुलांसकट तोंड पाण्यात घातलं.

अगं बाई! खाली खडकावर खडक, जांभळे, पिवळे, आणि त्यांच्यामधून बोटाएवढ्या निळ्या माशांचा घोळका, तिला कसलाही मान न देता सरळ तिच्या पोटाखालून निघून गेला. ती श्वास घ्यायलाच विसरली. पन्नाशी जवळ आलेल्या बाईच्या डोळ्यांत मास्कच्या आत पाणी आलं. आणि मग आठवण झाली, अरे, पोरांचे चेहरे! तिने मान वळवली.

थोरली शेजारी नव्हती.

बघते तर पोरगी खाली. कमरेत वाकून, पाय सरळ वर करून, सुळ्ळकन खडकापर्यंत गेलेली. एका कपारीत डोकावली, मासे हुसकले, सावकाश वर आली आणि डोकं वर न काढता, नळी तोंडात तशीच ठेवून तिने फुर्रकन फुंकर मारली. नळीतलं पाणी हातभर उंच उडालं. आणि पोरगी पुन्हा आरामात तरंगायला लागली.

हे टबात येत नाही. हे कोणाचं बघूनही येत नाही. चार-पाचदा खारं पाणी नाकातोंडात जावं लागतं, तेव्हा ही फुंकर साधते. पाण्यातलं शरीर खोटं बोलत नाही, आणि पोरांची शरीरं वाचण्यात शिट्टीबाईचं आयुष्य गेलेलं. तिने टिल्लूला तरंग्याशी ओढलं, त्याचा मास्क कपाळावर सरकवला.

"टिल्लू, याआधी किती वेळा केलंयस हे?"

"एकदाच," टिल्लू म्हणाला. मग प्रामाणिकपणे, "म्हणजे चार दिवस."

"कधी?"

"ते नाही का, आजी दवाखान्यात होती तेव्हा. दुसऱ्या समुद्रावर." आणि मग एकदम आठवून, "बाबा म्हणाले होते, आत्याला सांगायचं नाही. तिला वाईट वाटेल."

"टिल्ल्या!" मागून थोरली ओरडली. पण बिंग फुटायचं ते फुटलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात सोमवारी आईला दवाखान्यात ठेवलं. शिट्टीबाईने राजाला फोन केला, "ये रे, या वेळचं लक्षण बरं दिसत नाही." राजा म्हणाला, "ताई, कंपनीचं ट्रेनिंग आहे गं, दूर कुठेतरी. फोनसुद्धा जमा करून घेतात. शनिवारी सुटलो की तसाच येतो." शुक्रवारी पहाटे आई गेली. शनिवारी संध्याकाळी सगळं आटोपल्यावर तो आला, काळवंडलेला, आणि हिच्या गळ्यात पडून रडला. ही बया नातेवाइकांना सांगत सुटली, "बिचाऱ्याला भर उन्हात राबवून घेतलं हो कंपनीने." दोन्ही पोरांच्या नाकांची सालं निघालेली. भावजय म्हणाली, मैदानात खेळतात दिवसभर. आणि हिने ऐकून घेतलं! सव्वीस उन्हाळे पाण्यात भाजलेली नाकं बघितलेल्या बाईने!

एवढं सगळं तिला तिथे, तरंगा धरून, एका दमात कळलं. पोरांना पुढे घालून काठ गाठावा असं क्षणभर वाटलं. पण पोरांचा काय दोष? सांगितलं ते सोंग त्यांनी वठवलं. तिने ठरलेला तासभर दोघांना फिरवलं. खाली मासे होते, तिला दिसत नव्हते. तोंडात नळी घेऊन समुद्रात पहिल्यांदा उतरलेली त्यांच्यात ती एकटीच होती, आणि ते तिच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी लॉजच्या व्हरांड्यात राजा पाय पसरून बसला होता. कंबर बरी झालेली दिसली. "काय ताई, घाबरली का पोरं?"

"नाही," ती समोरच्या खुर्चीत बसली. "चार दिवसांचा अनुभव आहे त्यांना. टिल्लू म्हणाला."

राजाने पाय खाली घेतले. भावजयीने मुलांना दंडाला धरून खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, हळू बोल. मुलांसमोर नको."

"मुलांना सगळं ठाऊक आहे रे. मलाच ठाऊक नव्हतं." तिचा आवाज चढला. "मी वर्षभर लोकांची तोंडं बंद करत फिरले तुझ्यासाठी. मोठी मावशी म्हणाली, शेवटी मुलगा आला नाही. मी भांडले तिच्याशी. तेव्हापासून बोलत नाही ती माझ्याशी. आणि तू मासे बघत होतास! केसाने गळा कापलास की रे माझा."

"मुलांना वर्षभर कबूल केलं होतं गं," राजा म्हणाला. "आणि आईचं दर दोन महिन्यांनी असंच व्हायचं. दवाखाना, चार दिवस, परत घरी. मला वाटलं, याही वेळी तसंच होईल. आणि तू होतीस ना तिथे."

"हो. मी होते."

"नंतर सांगणार होतो. धीरच होईना. म्हणून तर यंदा म्हटलं ताईला घेऊन जाऊ, तिच्याकडूनच मुलांना शिकवू. तुला बरं वाटावं म्हणून."

"आणि मी तुझ्या न्हाणीघरात टब घेऊन बसले. पोरं हसत होती माझ्यावर."

राजाने मान खाली घातली. खालच्या अंगणात कोणीतरी नळीने नावेवरची वाळू धूत होतं. मग त्याने मान वर केली, आणि बुडत्याला काडी सापडावी तसं म्हणाला, "पण ताई, मी आलो असतो तरी आईला काय कळणार होतं? झोपेतच गेली ना ती. तूच तर सांगितलंस."

शिट्टीबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. हे बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं, जन्मभर. पण तो नेमका 'झोपेत गेली' याच्याच आधारावर उभा राहिला.

"नाही गेली झोपेत," ती म्हणाली. "चारही दिवस जागी होती. बाहेर पावलं वाजली की मान वळवायची. राजा आला का गं? मी सांगायचे, ट्रेनिंग आहे, शनिवारी येतोय. ती म्हणाली, शनिवारी ना, मग थांबते."

"ताई..."

"ऐक. बोटांवर वार मोजायची. डॉक्टर मंगळवारीच म्हणाले होते, आजची रात्र निघणं कठीण. तरी थांबली. गुरुवारी संध्याकाळी मला म्हणाली, नाही जमायचं गं मला शनिवारपर्यंत. राजाला सांग, आई झोपेत गेली. नाहीतर उगाच मनाला लावून घेईल तो."

राजाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडायला लागला. लहानपणापासून तो रडला की तिचा हात आपोआप त्याच्या पाठीवर जायचा. तिने वाट बघितली. हात मांडीवरून हलला नाही.