शिस्तीच्या नदीवरचा धबधबा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधेच हसून चहा अंगावर सांडलात तर मी जबाबदार नाही. आणि त्या दिवशी माझं फारसं काही चुकलं नव्हतं, असं मी आजही म्हणतो.

झालं असं, की मुलीचे सासरे मालेगावहून आमच्याकडे गंगापूर रोडला मुक्कामाला आले. जेवताना म्हणाले, "व्याहीसाहेब, देवळं सोडून नाशकात बघासारखं काय शे?"

झोंबलं ना मला! म्हटलं, उद्या नदीकाठाने चालत नेतो आणि धबधबा दाखवतो. बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "वाट माहितीये ना? नाही सापडला तर पोरीला जन्मभर सासरी ऐकावं लागेल."

वाट माहीत नसायला काय झालं? कॉलेजात असताना गेलो होतो की मी!

सकाळी गावाबाहेर गाडी लावली, शेतांतून चाललो, आणि समोर काठोकाठ भरलेलं पाणी. "ही बघा नदी," मी म्हटलं. व्याही मोबाईलवर नकाशा काढायला लागले, तर मी त्यांचा हातच धरला. आपल्या नदीची वाट मोबाईलला विचारायची?

थोडं चालल्यावर बायको म्हणाली, "नदी इतकी सरळ असते का हो?"

"शिस्तीची नदी आहे."

"आणि काठ सिमेंटचे?"

"सुशोभीकरण झालंय."

व्याही काठावरून सराईतासारखे चालत होते. जरा जास्तच सराईतासारखे.

ऊन चढलं, पाय बोलायला लागले, आणि तेवढ्यात आवाज आला. धो धो! पुढे पाणी कोसळत होतं. उंची म्हणाल तर माझ्यापेक्षा थोडी जास्त. वर एक लोखंडी चाक होतं, पण धबधबा बघायला आलेला माणूस चाकाकडे कशाला बघेल? मी शर्ट काढला आणि थेट धारेखाली उभा राहिलो. "काढा फोटो!"

तेवढ्यात मोटरसायकलवरून एक माणूस आला. त्याने चाकाला हात घातला आणि वरून मला विचारलं, "काका, अंघोळ उरकली का? पाट बंद करायचाय."

पाट! शेतीला पाणी सोडायचा कालवा! आता तुम्हीच सांगा, माघार घ्यायची का? मी ताठ मानेने म्हटलं, "थांब जरा. डोकं राहिलंय."

तो थांबला नाही. चाक फिरलं, आणि बघता बघता धबधबा माझ्या खांद्यावर ठिबकायला लागला.

व्याही शांतपणे म्हणाले, "मी तं सुरुवातीलाच वळखलं व्हतं. लहानपणी पाटातच पोहायचो आम्ही. म्हटलं, तुमचा उत्साह कशाला मोडायचा."

"पाणी वरून पडलं ना? मग धबधबाच," मी म्हटलं आणि ओल्या अंगावर शर्ट चढवला.

पण पोरीची काळजी लागली होती. ते मालेगावला परतल्यावर तिला फोन केला. "खरं सांग, ऐकवतात का गं तुला?"

"मला कुणी काही बोलत नाही, बाबा," ती म्हणाली. "फक्त नळाला पाणी आलं की सासरे अंगणातून हाक मारतात, 'बादल्या लावा, धबधबा सुटला.' आता सगळी गल्लीच तसं म्हणते."