फीटची गोळी, मनाची गोळी

समुद्रपूरच्या सकाळच्या एसटीत ती रोज माझ्या बाजूला बसते. नाव मी विचारलं नाही, तिनेही नाही. मी शाळेत शिकवते म्हणून तिच्यासाठी मी ‘मॅडम’. गाडी सुटली की ती पर्समधून गोळी काढते, प्रसादासारखी कपाळाला लावते आणि गिळते.

एकदा मीही माझी गोळी काढली. तिने मान तिरपी करून पाकीट वाचलं.

"अवो मॅडम, हे तं माह्यावालीच आहे! काह्यासाठी घेता?"

"फीट येतात मला." हे माझं ठरलेलं उत्तर. खरं तर ही गोळी फीटसाठीही देतात आणि मनासाठीही; माझी मनासाठी आहे. ते कधी भलतंच उधळतं, कधी अंथरुणातून उठू देत नाही. पण स्टाफरूममध्ये फीट चालते, मन चालत नाही.

"आणि तुम्ही?"

"मनाची आहे. टेन्शन राह्यते," ती म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं. "खोटं काऊन बोलू? फीटचीच आहे. पोरीचं लग्न जमवून राह्यलो ना आम्ही. फीट म्हटली की पाहुणे चहाबी पीत नाई."

मग मीही खरं सांगितलं. ती एवढी हसली की कंडक्टरने वळून पाहिलं.

"म्हणजे तुमची बिमारी मी सांगून राह्यली, अन् माही तुम्ही! नीट सांभाळजा बरं."

तेव्हापासून बसल्याबसल्या ती विचारते, "कशी आहे माही फीट?"

"बरी आहे," मी म्हणते. "माझं मन कसं आहे?"

ती माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहते, आणि मगच सांगते.